पेप्टाइडच्या वर्णपटातील परके रेणू

मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मोजायचे, तर आधी त्याचे विद्युतभारित आयन तयार करावे लागतात. मग उपकरण त्यांचे वस्तुमान आणि प्रभार यांचे गुणोत्तर वर्णपट नावाच्या आलेखावर शिखरांच्या रूपात नोंदवते. मात्र द्रावकातले, नळ्यांमधले आणि प्रयोगशाळेच्या हवेतले इतर रेणूही त्याच वेळी आयन बनतात, आणि त्यांची शिखरे आपल्या पेप्टाइडच्या शेजारी, कधी थेट त्याच्यावरच, उमटतात. या पार्श्वभूमीला सरसकट गोंगाट म्हणणे मला अपुरे वाटते. इलेक्ट्रॉनिक गोंगाट अनेक मोजण्यांची सरासरी घेतली की ओसरतो. हा ओसरत नाही, कारण त्यामागे खरेखुरे रेणू असतात.

खरे रेणू म्हटल्यावर त्यांची ओळखही पटवता येते. संशोधकाच्या त्वचेतून आणि केसांतून झडणारे केराटिन हे प्रथिन नमुन्यात पडते, आणि प्रथिने कापण्यासाठी घातलेले ट्रिप्सिन हे विकर त्याचेही तुकडे करते. ट्रिप्सिन स्वतःलाही कापते. डुकरापासून मिळवलेल्या ट्रिप्सिनचा ८४२.५१ या गुणोत्तराचा तुकडा तर अनुभवी डोळा लगेच ओळखतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे एकसारख्या घटकांच्या साखळीचे रसायन मिसळले असेल, तर ४४ एककांच्या समान अंतराने शिखरांची शिडीच उभी राहते. हवेतल्या सिलॉक्सेन या सिलिकॉनयुक्त संयुगाचे ४४५.१२ येथील शिखर तर उपयोगीही पडते: त्याचे रासायनिक सूत्र माहीत असल्याने नेमके वस्तुमान गणिताने काढता येते, आणि त्यावरून मोजणी चालू असतानाच उपकरणाची अचूकता सुधारून घेता येते.

इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा उडवून आयन बनवताना, प्रभारही मदतीला येतो. ट्रिप्सिनने कापलेल्या पेप्टाइडवर बहुधा दोन किंवा अधिक प्रभार असतात, म्हणून त्याच्या समस्थानिकांची (जड अणूंमुळे एकेका एककाने जड झालेल्या रूपांची) शिखरे अर्ध्या एककाच्या किंवा त्याहून कमी अंतरावर दिसतात. लहान परक्या रेणूंवर सहसा एकच प्रभार असल्याने त्यांचे अंतर पूर्ण एककाचे राहते.

खरी अडचण येते ती परका रेणूही पेप्टाइडच असतो तेव्हा. पेप्टाइड ओळखण्यासाठी उपकरण गुणोत्तराच्या एका अरुंद पट्ट्यातले आयन निवडून त्यांचे तुकडे करते; या खिडकीतून जवळच्या वस्तुमानाचे दुसरे पेप्टाइडही आत शिरते. प्रत्येक नमुन्याच्या पेप्टाइडांना समस्थानिक खुणा (फोडल्यावर नमुन्यागणिक वेगळ्या वस्तुमानाचा तुकडा देणारे छोटे रेणू) जोडून अनेक नमुन्यांची एकत्र तुलना करताना दोन्ही पेप्टाइडच्या खुणा एकाच वस्तुमानावर मोजल्या जातात, आणि दुसऱ्याचे प्रमाण सर्व नमुन्यांत सारखे असेल, तर पहिल्यातला मोठा फरकही प्रत्यक्षाहून लहान दिसतो. त्यावर उपाय म्हणून मिळालेल्या तुकड्यांतील काही निवडून ते पुन्हा फोडतात. त्याने मिसळ बरीच कमी होते, पण प्रत्येक टप्प्यावर आयन गमावल्यामुळे कमी प्रमाणातली पेप्टाइडे हाती लागत नाहीत.