लोकसभेचा फॉर्म भरायचाय? कोल्हापूरच्या बायकांनी आधी हे बघून घ्या

ग्रामपंचायत, झेडपीत ५० टक्के जागा बायकांना राखीव आहेत म्हणून तिथं आपल्या बायका दिसतात, पण लोकसभा म्हटलं की घरातलेच म्हणतात ते आपलं काम नव्हे. अहो, ह्याच जिल्ह्यातून, जुन्या इचलकरंजी मतदारसंघातून निवेदिता माने १९९९ आणि २००४ असं दोनदा निवडून दिल्लीला गेल्यात! २०२४ ला महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांत ७ बायका आल्या. एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा २०२३ ला झालाय पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलाय, त्याची वाट कशाला बघायची, ओपन जागेवर बाई आजही उभी राहू शकते.

पात्रता फार नाही. भारताचं नागरिकत्व, छाननीच्या दिवशी २५ वर्षं पूर्ण, आणि देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. शिक्षणाची अट नाही. तिसरं मूल असलं की अर्ज बाद होतो ही अट ग्रामपंचायत-झेडपीची आहे, लोकसभेला ती नाही, हे मुद्दाम सांगते कारण कित्येक जणी तिथंच माघार घेतात.

खरी अडचण नावाची. माहेर कागल, सासर शिरोळ, मतदार यादीत अजून माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, जातीचा दाखला वडिलांच्या नावानं. हे निवडणूक लागायच्या आधीच निस्तरा, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८ असतो, बीएलओकडं (मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं) द्या किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर भरा, आणि दोन ठिकाणी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. नाव शिरोळच्या यादीत (म्हणजे हातकणंगले लोकसभा) आणि लढायचंय कोल्हापूर लोकसभेतून, तर चालतं, फक्त यादीची प्रमाणित प्रत जोडायची.

आता कागदपत्रं. उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २-अ. मान्यताप्राप्त पक्षाची उमेदवार असाल तर १ सूचक (तुमचं नाव सुचवणारा मतदार) आणि पक्षाचे ए-बी फॉर्म (तुम्ही पक्षाच्या अधिकृत उमेदवार आहात असं सांगणारे), अपक्षाला १० सूचक, सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. अनामत २५ हजार, एससी-एसटीला १२,५००. रोख द्या नाहीतर ट्रेझरीत चलनानं भरा, चेक चालत नाही. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.

सगळ्यात वेळखाऊ नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र. तुमची, नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, सोसायटीचं कर्ज, कारखान्याचा शेअर, ५ वर्षांच्या इन्कम टॅक्स रिटर्नमधलं उत्पन्न, केसेस असतील तर त्या, सगळं लिहायचं. दागिन्यांचं वजन आणि किंमत पण. अंगावरच्या मंगळसूत्राचं वजन आपल्याला कुठं माहीत असतं, गुजरीत (सराफ बाजारात) एकदा जाऊन काट्यावर ठेवून घ्या, पाटल्या, कानातलं सगळं. घरच्या जमिनीचा सातबारा नवऱ्याकडं मागताना संकोच करू नका, तो आकडा सहीखाली तुमच्या जातो. एकही रकाना कोरा नको, काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. मग नोटरी.

अधिसूचना निघाली की सुट्ट्या सोडून रोज ११ ते ३ निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज घेतात. स्वतः जा, पोस्टानं चालत नाही, आणि नवरा सूचक नसेल तर त्याच्या हातानंही नाही. आत उमेदवार धरून ५ जणंच. जास्तीत जास्त ४ अर्ज भरता येतात, दोन तरी भराच, एकात चूक निघाली तर दुसरा असतो. आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ! अर्ज देऊन झाला की लगेच तिथंच घ्या, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती झाली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज जातो.

छाननी शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, त्यानंतर दोन दिवस माघारीला. त्या दोन दिवसांत फोन येतील, नातेवाईक येतील, चहाला बोलावतील. माघारीच्या कागदावर सही तुमचीच लागते.

खर्चाची मर्यादा ९५ लाख, हिशेब अर्जाच्या दिवसापासून ठेवायचा आणि निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तर अनामत परत मिळते.