तीन नंबरचा बावटा आणि किनाऱ्यावरची घरं

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. टाळेबंदीचे दिवस असूनही किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना आधीच शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवलं होतं. होड्या खाडीत आणून बांधल्या होत्या. माणसं जवळजवळ सगळी वाचली. पण वारा पडल्यावर दार उघडून बाहेर आलेल्या अनेकांना आपलीच वाडी ओळखू येईना. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीची झाडं मधोमध मोडून एकमेकांवर पडली होती, नारळ मुळासकट उपटले होते, छपरांचे पत्रे दुसऱ्याच्या आवारात जाऊन पडले होते. विजेचे खांब तर इतके पडले की काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती.

पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी राहणाऱ्या या माणसांना वारा काही नवा नव्हता. मग होडी सांभाळली गेली आणि घर, झाड, तार उघडी कशी राहिली? माझ्या मते याचं उत्तर आपल्याकडे वादळाचा इशारा मुळात कुणासाठी सुरू झाला, त्यात आहे.

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, पूर्व आशियाच्या समुद्रात टायफून, तेच आपल्याकडे सायक्लोन. हा शब्द जन्माला आला कोलकात्यात. हेन्री पिडिंग्टन नावाच्या, पूर्वी जहाजावर कप्तान असलेल्या गृहस्थाने बंगालच्या उपसागरातली वादळं अभ्यासली आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव रूढ केलं. पुढे बंगालमधल्या मातला नदीच्या मुखाशी नवं बंदर बांधायचं घाटत होतं, तेव्हा तिथे वादळाची लाट येऊन सगळं बुडवील, असं त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरलला पत्राने कळवलं. कुणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग बांधलं गेलं, १८६७ च्या वादळाने ते मोडलं, आणि पुढे ते सोडून द्यावं लागलं. तोवर पिडिंग्टन हयातही नव्हता.

त्याआधी ५ ऑक्टोबर १८६४ ला कोलकात्यावर जे वादळ आलं, त्याने हुगळीतून समुद्राची लाट आत लोटली. बळींचा अंदाज साठ हजारांचा सांगतात. बंदरातल्या बहुतेक जहाजांची मोडतोड झाली. सरकार आणि व्यापारी हलले ते यानंतर. १८६५ साली कोलकाता बंदरासाठी तारायंत्राने बातमी मागवून इशारा द्यायची पद्धत सुरू झाली, देशातली पहिली. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली पाऊस चुकला. वादळ आणि दुष्काळ अशा दोन्ही बाजूंनी मार बसल्यावर १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचं मुख्यालय कोलकात्याहून सिमल्याला आणि १९२८ साली पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते यामुळेच. बसची वाट बघणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पश्चिम किनाऱ्याची पाळी १८८० साली आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार, कुमठा या बंदरांना इशारे मिळू लागले. १८९८ पासून देशभरच्या बंदरांना एकच खुणांची पद्धत लागू झाली. आपला बावटा तो हाच. दिवसा डोलकाठीवर काळ्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदर सोडणाऱ्यांनी जपावं. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदरालाच वादळी हवेचा धोका. पाच, सहा, सात धोक्याचे. आठ, नऊ, दहा महाधोक्याचे. त्यातही वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार यावर नंबर बदलतो, कारण वारा कुठून कुठे फिरेल ते त्यावर ठरतं. अकरा नंबर लागला की हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे असं समजायचं.

पद्धत मोठी हुशारीची आहे, पण तिचा प्रत्येक नंबर जहाजाच्या कप्तानाशी बोलतो. नांगर टाकावा की उचलावा, खोल समुद्रात जावं की खाडीत शिरावं, हे त्याला कळतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईने पत्र्यावर काय ठेवावं, नारळाची कुठली झावळी तोडावी, यातलं काही त्यात नाही. पुढे रेडिओ आला तरी वाक्य तेच राहिलं: ‘मच्छीमार बांधवांनी समुद्रात जाऊ नये.’ ते ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ते वाक्य होडी असलेल्या घरासाठी होतं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि रेडिओचा कान पिळून दुसरं काही लावायचं.

कोकणाला घराची तयारी येत नव्हती असं मात्र नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं ही काही थोडीथोडकी नसत. कौलं परतायची, भिंतींना झावळ्यांचे झाप बांधायचे, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची, होड्या वर ओढून शाकारायच्या. ही सगळी तयारी पावसाची, चार महिने सरळ नाहीतर तिरका कोसळणाऱ्या पावसाची. चक्रीवादळाचं वेळापत्रक वेगळं. भर पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे इतके वेगळ्या दिशांनी वाहतात की वादळाला भोवरा धरून उभंच राहता येत नाही. म्हणून अरबी समुद्रातली वादळं प्रामुख्याने पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये येतात, किंवा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मे महिन्यात आंबा झाडावर असतो, कौलं परतायची बाकी असतात, बोटी पाण्यात असतात. ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात पसरलेलं असतं. नोव्हेंबरात मासेमारीला भर आलेला असतो. वादळ नेमकं तेव्हा गाठतं, जेव्हा आपण आवरलेलं नसतं.

त्यात अरबी समुद्रात वादळं कमीच. बंगालच्या उपसागरात चार होतात तेव्हा इकडे एखादं, असं प्रमाण मानलं जाई, आणि त्यातलीही बरीच ओमानकडे किंवा गुजरातकडे वळत. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी ‘वैतरणा’ ही मुंबईला निघालेली आगबोट सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. पण तोही घाव समुद्रातला. जमिनीवरच्या वादळाची आठवण इकडे इतकी विरळ की एक खोटी आठवण तिची जागा घेऊन बसली. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, असं अनेक याद्यांत छापलेलं आढळतं. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत आणि हवामानाच्या नोंदींत अशा वादळाचा मागमूस नाही. लाख माणसं मेलेलं शहर गप्प बसलं असतं का, एवढा साधा प्रश्न विचारायला फार वर्षं लागली.

पूर्व किनाऱ्याला असं विसरणं परवडलं नाही. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार बळी घेतले. त्यानंतर त्या राज्याने खांबांवर उभे निवारे बांधले, गावातलीच पोरं तयार केली, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याच्या याद्या केल्या. हवामान खात्यानेही १९९९ पासून चार टप्प्यांत इशारा द्यायला सुरुवात केली: आधी पूर्वसूचना, निदान ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा, आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतर ते कुठे, किती नासधूस करील याचा अंदाज. या शेवटच्या टप्प्यात इशारा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जहाजावरून उतरून घराशी आला, असं मला वाटतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली आणि बळींची संख्या काही डझनांवर थांबली.

कोकणात ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आलं. नाव म्यानमारने दिलेलं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता ते गावच्या कालगणनेचा भाग आहे. अमुक गोष्ट फयानच्या आधीची की नंतरची, असं लोक विचारतात. बोटी खोल समुद्रात होत्या. मोबाइल तिथवर पोचत नव्हता, अनेक बोटींवर बिनतारी संच नव्हते. कित्येक खलाशी परत आले नाहीत. चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या केंद्राच्या प्रकल्पात महाराष्ट्र आणि गोवा आले ते दुसऱ्या टप्प्यात, २०१५ साली. पहिला टप्पा ओडिशा आणि आंध्रचा होता. निवारे, जमिनीखालून वीजवाहिन्या अशी कामं त्यात होती. ‘निसर्ग’ आलं तेव्हा बहुतेक किनाऱ्यावर तारा अजून खांबांवरच होत्या.

दरम्यान समुद्र बदलत होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ पासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पाणी तापलं, वादळांना बळ मिळालं. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ किनाऱ्याला न शिवताही भात कुजवून गेलं.

‘निसर्ग’ला वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. गावं या वेळी जास्त तयार होती. लोकांनी घरावर झुकलेल्या फांद्या आधीच उतरवल्या होत्या, पत्र्यांवर वाळूची पोती ठेवली होती, मेणबत्त्या आणि पाणी भरून ठेवलं होतं. मच्छीमारांच्या बहुतेक बोटी परतल्या होत्या. आणि तरीही मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रात कामगारांची राहण्याची तराफा-बोट ‘पी ३०५’ जागेवरच होती. तिच्यावर २६१ माणसं होती. त्यातली सत्तरच्या आसपास गेली. ज्यांच्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी इशारा सुरू झाला, त्या समुद्रावरच्याच माणसांपर्यंत इशारा पोचूनही ती किनाऱ्यावर आली नाहीत, ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

श्रीवर्धनच्या वाड्यांत ‘निसर्ग’नंतर मदत हेक्टरावर द्यायची की झाडावर, यावर बरेच दिवस वाद चालला. गुंठ्यांच्या हिशेबात मावणाऱ्या वाडीत नारळ, सुपारी, जायफळ, मिरवेल एकाच्या सावलीत दुसरं असं उभं असतं. ते हेक्टरात मोजलं की हातात काहीच पडत नाही. शेवटी झाडामागे मदत द्यायचं ठरलं. मोडलेले बुंधे उचलून त्याच आळ्यांत रोठ्याची, म्हणजे इथल्या सुपारीची, रोपं लावली गेली. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तोवर दर मे महिन्यात त्यांना काठीचा आधार बांधावा लागतो.