मे गिब्ज

मे गिब्ज (१७ जानेवारी १८७७ – २७ नोव्हेंबर १९६९). ऑस्ट्रेलियन बालसाहित्यिका, चित्रकार व व्यंगचित्रकार. पूर्ण नाव सिसिलिया मे गिब्ज. निलगिरीच्या रानात राहणाऱ्या चिमुकल्या ‘गमनट’ बाळांच्या गोष्टी आणि चित्रे ही त्यांची ओळख.

जन्म इंग्लंडमधील. १८८१ मध्ये कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात आले आणि १८८५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील हार्वे येथे गुरे पाळण्यासाठी गेले. वडील हर्बर्ट स्वतः चित्रकार, त्यामुळे रंग-कागद घरातच होते. पण खरी शाळा म्हणजे भोवतालचे रान. तट्टावर बसून ही मुलगी दिवसदिवस तिथे भटकत असे आणि दिसेल ते चितारत असे. पुढे कुटुंब पर्थला गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकलेच्या शिक्षणासाठी त्यांनी लंडनच्या वाऱ्या केल्या.

ऑस्ट्रेलियन रानातली त्यांची पहिली परीकथा प्रकाशकांनी नाकारली. तीच लंडनच्या धुराड्यांवर नेऊन बसवली, तेव्हा कुठे ती १९१२ मध्ये ‘अबाउट अस’ या नावाने छापली गेली. त्या काळी ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या हाती पडणाऱ्या पऱ्या बहुतेक विलायती बागेतल्याच असत, हे लक्षात घेतले की गिब्ज यांच्या पुढच्या कामाचे मोल कळते.

१९१३ मध्ये त्या सिडनीत स्थायिक झाल्या. ‘गमनट’ म्हणजे निलगिरीचे लाकडासारखे टणक, छोट्या वाटीच्या आकाराचे फळ. निलगिरीची कळी उमलताना तिच्यावरचे टोपण गळून पडते आणि आतून केसरांचा झुपका बाहेर येतो. महाराष्ट्रातही निलगिरीखाली ही टोपणे आणि फळे वेचायला मिळतात. गिब्ज यांनी फळाची टोपी केली, केसरांचा झगा केला आणि त्यात गुबगुबीत बाळे उभी केली. कल्पना साधी वाटते, पण त्यामागे झाडाचे बारीक निरीक्षण आहे. पहिल्या महायुद्धात या बाळांची पोस्टकार्डे आघाडीवरच्या सैनिकांना धाडली जात. १९१६ मध्ये त्यांच्यावरच्या छोट्या पुस्तिका निघू लागल्या.

१९१८ मध्ये ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ आले. माणूस कसा असतो ते लांबून पाहायचे, म्हणून दोन गमनट भाऊ घर सोडतात. वाटेत मिस्टर लिझर्ड हा सरडा मैत्री करतो, मिसेस स्नेक डूख धरते. पण मुलांना धडकी भरते ती ‘बँक्सिया’ नावाच्या खलनायकांची. बँक्सिया या ऑस्ट्रेलियन झुडपाचे वाळलेले, काळपट, केसाळ बोंड हातात घेतले, तर त्याच्या अंगभर फाकलेले जाड ओठ दिसतात. त्या फटींतून बी गळून गेलेले असते. लहानपणी भावंडांबरोबर फिरताना गिब्ज यांना फांद्याफांद्यांवर दुष्ट बुटके बसलेले दिसले होते, तेच पुस्तकात उतरले. या काळ्या खलनायकांत वसाहतकालीन वंशभेदाची सावली असल्याचे काही अभ्यासक म्हणतात. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. याच पुस्तकात माणसांना कळकळीची विनंतीही आहे: रानातल्या जीवांशी मायेने वागा, फुले मुळासकट उपटू नका. निसर्गरक्षणाची भाषा सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधीची ही ओळ. कथेचे पुढचे भाग १९२० व १९२१ मध्ये निघाले.

१९१९ मध्ये त्यांचा विवाह जेम्स ऑसोली केली यांच्याशी झाला. ‘बिब अँड बब’ ही चित्रमालिका त्यांनी १९२४ मध्ये सुरू केली, ती १९६७ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत चालवली. १९३९ मध्ये पतीचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. १९५५ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

त्यांना मूल नव्हते. पुस्तकांचे हक्क त्यांनी युनिसेफ आणि अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे केले. त्यामुळे स्नगलपॉटची प्रत विकली गेली की तिच्या मानधनाचा पैसा मुलांच्याच कामी येत राहिला. सिडनीतील न्यूट्रल बे येथील खाडीकाठचे त्यांचे घर, ‘नटकोट’, मृत्यूनंतर विकले गेले होते. चाहत्यांनी चळवळ करून ते वाचवले. नॉर्थ सिडनी नगर परिषदेने ते विकत घेतले आणि १९९४ पासून तिथे त्यांचे संग्रहालय आहे.