न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे

इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरची ओरल घेताना मी न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक हमखास विचारतो. उत्तरही हमखास तेच येतं: "सर, दोन्ही झिरोच असतात." हीच पोरं पुढे साइटवर जातात, आणि जुन्या घरात अर्थिंगची, म्हणजे उपकरणाची धातूची बॉडी जमिनीशी जोडणारी, वायर दिसली नाही की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला जंपर, म्हणजे वायरचा छोटा तुकडा, मारून मोकळी होतात. मला याचा मनापासून संताप येतो.

न्यूट्रल सगळ्यांना कळलेला असतो: फेजने आलेला करंट परत नेणारी वायर. न्यूट्रलचा काळा, अर्थचा हिरवा रंग, अर्थची लांब, जाड पिन, हेही पाठ असतं. ते सोडा.

घोळ आहे तो "झिरो"त. न्यूट्रल झिरो असतो, कारण डीपीवर, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, रोहित्राचा स्टार पॉइंट (तिन्ही फेजची वाइंडिंग जिथे जुळतात आणि न्यूट्रल निघतो तो बिंदू) अर्थ केलेला असतो. शून्य तिथे आहे, तुमच्या सॉकेटमध्ये नाही. मधल्या न्यूट्रलमधून लोडचा करंट वाहतो आणि वायरला रोध असतोच. गिझर चालू करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा, दोन-तीन व्होल्ट सहज दिसतील. अर्थच्या वायरमधून एरवी करंट जातच नाही, म्हणून ती जमिनीच्या पातळीवर राहते.

आता जंपर मारलेल्या घरात मीटरपाशी न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर सुटली असं धरा. गिझर २००० वॅटचा, म्हणजे कॉइलचा रोध साधारण २६ ओहम. परतीची वाट तुटलेली. फेज कॉइलमधून न्यूट्रलवर येतो आणि जंपरवरून थेट गिझरच्या बॉडीवर. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याचा रोध १००० ओहम धरा. २३० व्होल्टपैकी २२४ त्याच्या वाट्याला, अंगातून सुमारे २२४ मिलिअँपिअर. माणूस दगावायला एवढा पुष्कळ झाला. करंट मर्यादेबाहेर गेला तरच पडणाऱ्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. करंट जमिनीत गळताच सप्लाय तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर वाचला, पण जुन्या घरात ती असते कुठे? आणि गिझरमध्ये बिघाड काहीच नाही! अर्थिंग वेगळं असतं तर न्यूट्रल सुटल्यावर गिझर नुसता बंद पडला असता.

हुशार पोरं विचारतात, "डीपीवर दोन्ही जोडलेलेच असतात ना?" असतात, ठरलेल्या जागी, पक्के. घराच्या आतल्या वायरिंगमध्ये मात्र कुठेही नाही. अर्थिंग नसेल तर खड्डा घ्या, इलेक्ट्रोड पुरा, वायर ओढा. जंपर हा त्याला पर्याय नाही.

लॅबमध्ये मी यासाठी एक बोर्ड केलाय: पत्र्याचा डबा, बल्ब, जंपर. बल्ब चालू असताना मेनकडचा न्यूट्रल काढतो. बल्ब विझतो. मग पोरांच्याच हातातला टेस्टर डब्याला लावायला सांगतो, आणि तो पेटतो.