औषधांच्या चयापचयातील आनुवंशिक फरक आणि उंदरांचे वाण

क्षयरोगावर आयसोनियाझिडचा वापर 1952 मध्ये सुरू झाला आणि लवकरच असे आढळले की सारखीच मात्रा घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तातून हे औषध झपाट्याने नाहीसे होते, तर काहींच्या रक्तात ते बराच काळ रेंगाळते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हा त्रास या दुसऱ्या गटात अधिक दिसतो. औषधाच्या रेणूला अ‍ॅसिटिल गट जोडणारे एनएटी-2 हे विकर काहींमध्ये जन्मतःच मंद असते, हे त्यामागचे कारण.

माणसांमध्ये एकाच जनुकाचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते, कारण आहार, वय, धूम्रपान, सोबतची औषधे आणि इतर हजारो जनुके त्यात मिसळलेली असतात. म्हणून संशोधक किमान 20 पिढ्या सख्ख्या भावंडांच्या संकरातून तयार केलेले, जवळजवळ एकसारख्या जनुकांचे उंदीर वापरतात. त्यांपैकी सी57बीएल/6 हा वाण जलद अ‍ॅसिटिलीकरण करणारा, तर ए/जे हा मंद. ए/जे उंदरांच्या विकरात 99व्या स्थानी अ‍ॅस्पॅराजिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल येते आणि तेवढ्यानेच विकर अस्थिर होते. अर्थात या दोन वाणांत इतरही असंख्य फरक असल्यामुळे थेट तुलना पुरेशी ठरत नाही. म्हणून मंद जनुक असलेल्या संततीचा पिढ्यान्‌पिढ्या सी57बीएल/6 शीच संकर करत नेतात, आणि अखेरीस जवळजवळ तेवढा एक जनुकीय भाग वेगळा असलेले उंदीर हाती येतात. रंग-उद्योगातील मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या आणि याच विकराकडून बदलल्या जाणाऱ्या अ‍ॅरोमॅटिक अमाइन या रसायनांचा अभ्यास अशा जोडीवर अधिक खात्रीने करता येतो.

येथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. उंदरातील ज्या विकराला एनएटी-2 म्हणतात, ते कामाच्या दृष्टीने माणसातील एनएटी-1 या त्याच कुळातील दुसऱ्या विकराशी जुळते, आणि उंदरात आयसोनियाझिडवर मुख्यतः दुसरेच विकर काम करते. त्यामुळे ज्या औषधाने हा सारा शोध सुरू झाला, नेमक्या त्याच्यासाठी ए/जे उंदीर माणसाची योग्य प्रतिकृती ठरत नाही. केवळ नावावर विसंबून वाण निवडला, तर निष्कर्षच चुकतो.

इतर विकरांसाठी इतर प्राणी आहेत. गन जातीच्या मोठ्या उंदरांत बिलिरुबिन हे रक्तातील पिवळे द्रव्य निकामी करणारे विकर नसते, त्यामुळे त्यांना जन्मजात कावीळ असते; माणसातील क्रिग्लर-नज्जार या अशाच आनुवंशिक विकाराचा अभ्यास त्यांच्यावर होतो. अनेक औषधांचे यकृतात रूपांतर करणाऱ्या सीवायपी2डी6 या विकराबाबत मात्र अडचण अशी की माणसात त्याच्या उपकुलातील (म्हणजे जवळच्या जनुकांच्या गटातील) हे एकच कार्यक्षम जनुक आहे, तर उंदरात तशी अनेक जनुके असून त्यांची कामे पूर्णपणे जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून मानवी सीवायपी2डी6 जनुक घातलेले उंदीर तयार केले गेले. ते डेब्रिसोक्विन या औषधाचे रूपांतर साध्या उंदरांपेक्षा जलद करतात, म्हणजे साधा उंदीरच येथे मंद चयापचयाच्या माणसाची जागा घेतो.