रिसेप्टर जागेवर कोण धरून ठेवतं?

मेंदूतलं अमुक रसायन वाढलं की स्मरणशक्ती वाढते, असं सांगणाऱ्या जाहिराती एक मोठी गोष्ट गाळतात. रसायन कितीही सुटलं तरी ते टिपणारा रिसेप्टर नेमक्या जागी नसेल, तर निरोप पोचत नाही.

दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात त्या सिनॅप्समध्ये जेमतेम 20 नॅनोमीटरची फट असते. एक पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडते, दुसरीच्या पटलावरचे रिसेप्टर ते टिपतात. पण ग्लुटामेट क्षणात विरतं. त्यामुळे ते जिथे सुटतं त्याच्या अगदी समोरच्या रिसेप्टरनाच पुरेसं मिळतं. त्यात पेशीचं पटल प्रवाही, म्हणजे मोकळे रिसेप्टर सतत इकडेतिकडे सरकणार.

त्यांना धरून ठेवतात ती स्कॅफोल्ड, म्हणजे सांगाड्यासारखा आधार देणारी प्रथिनं. त्यांतलं सर्वांत परिचित पीएसडी-95. चेताशास्त्रज्ञ मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये त्याची ओळख पटवली. एका सिनॅप्समध्ये याचे साधारण 300 रेणू असतात. त्याचं एक टोक पामिटिक आम्ल या मेदाम्लाच्या साखळ्यांनी पटलात रुतलेलं असतं आणि पुढे पीडीझेड नावाच्या तीन खोबणी असतात. ग्लुटामेट टिपणाऱ्या रिसेप्टरचे एनएमडीए आणि ॲम्पा असे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. एनएमडीए रिसेप्टरची शेपटी या खोबणीत थेट बसते. ॲम्पा रिसेप्टर मात्र स्टारगेझिनसारख्या सोबती प्रथिनामार्फत अडकतो. खालच्या थरात शँक आणि होमर ही प्रथिनं आणखी जाळं विणतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 2016 मधला प्रयोग. शास्त्रज्ञ मिंगजिए झांग यांच्या गटाने शुद्ध पीएसडी-95 आणि सिनॅप्समध्ये त्याच्या खोबणीत बसणारं सिनगॅप ही दोन प्रथिनं एकत्र केली आणि पाण्यात तेलाचे थेंब व्हावेत तसे त्यांचे दाट थेंब तयार झाले. सिनगॅपचे तीन रेणू एकमेकांना पीळ घालून राहतात, म्हणून ते एकाच वेळी अनेक पीएसडी-95 ना धरू शकतात. भोवती कुठलंही आवरण नसताना सिनॅप्समधली ही गर्दी एकवटून कशी राहते, रेणू येत-जात असतानाही ती विखुरत का नाही, याचं उत्तर इथे मिळू लागतं.

शिकताना एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम आत येतं, कॅमकेटू हे विकर जागं होतं आणि सिनगॅपवर फॉस्फेट चढवतं. मग सिनगॅपची पकड सैल होते, ते तिथून पांगतं. त्याने अडवलेल्या खोबणी अशा मोकळ्या होऊन तिथे जास्त ॲम्पा रिसेप्टर बसू शकतात, असं केनेडी यांच्या गटाचं म्हणणं आहे. सिनॅप्स बळकट होण्याचं हे स्पष्टीकरण मला फार पटतं.

सिनगॅपच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी झाली, तरी मुलात बौद्धिक अक्षमता आणि बहुतेकदा अपस्मारही दिसतो. अशा मुलांच्या आईवडिलांना पाप, शाप ऐकवणं निव्वळ क्रूरपणा आहे. बहुतेक वेळा हा बदल आईवडिलांच्या जनुकांत नसतोच, त्या मुलात तो नव्याने झालेला असतो.