सगळ्यात गरम जॅकेट कुठलं?

डिसेंबर आला की पुण्या-मुंबईहून उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला निघालेले विचारतात, सगळ्यात गरम जॅकेट कुठलं? प्रश्नच फसवा आहे. ऊब शरीराची, जॅकेट ती फक्त अडवून धरतं, तेही आत अडकलेल्या हवेच्या जोरावर. दबलेली गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणली की पुन्हा उबदार होते. कापूस तोच, फक्त त्यात हवा खेळते. पिसांच्या डाऊन जॅकेटचंही तेच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात ईडर बदकाची मऊ पिसं भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे ट्वीड आणि लोकरीत होते.

पण डाऊन घालून चढ चढू नका. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता टाकतं, सॅक घेऊन चढताना कित्येक पट. मग उणे तापमानातही घाम फुटतो. ओली पिसं एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट सहज वाहते. ३,८०० मीटरच्या माथ्यावर फोटोसाठी थांबलं की हुडहुडी भरते ती बरेचदा स्वतःच्याच घामाने. चढताना थर्मलवर पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट) आणि विंडचीटर पुरतं. डाऊन सॅकमध्ये अगदी वर ठेवावं, थांबल्याबरोबर अंगावर चढवावं. निघताना जरा कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत असं समजा!

गुलमर्गच्या स्कीइंगचा हिशोब वेगळा. गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये बसून वर जायचं, घसरत खाली यायचं. नवशिका तर निम्मा वेळ बर्फातच लोळतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा लागला तर उघड्या त्वचेला उणे २० सारखं बोचतं. इथे वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट हवं, कमरेला आतून इलॅस्टिकची पट्टी असलेलं, म्हणजे पडल्यावर बर्फ आत शिरत नाही. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि अशा जॅकेटांत वापरतात तो सूक्ष्म छिद्रांचा गोर-टेक्स पडदा मिळाला: पाण्याचा थेंब अडतो, वाफ निसटते. मात्र वरचं कापड भिजून चिंब झालं की वाफही कोंडते. माझा भरवसा वाफ बाहेर सोडायला उघडता येणाऱ्या काखेतल्या चेनवर जास्त.

मनालीला तासभर बर्फात खेळायचं असेल, तर रस्त्यावर भाड्याने मिळणारा सूट पुरे.